विश्लेषण : दाताच्या मुळात सोन्याची खुंटी बसवणारे पिअर फोशार कोण होते? आजच्या 'पोस्ट'शी त्यांचा काय संबंध?

रूट कॅनल झाले, दुखणे थांबले, पण वर कॅप बसवायला दातच पुरेसा उरलेला नाही. अशा वेळी दवाखाना जळगावचा असो की धुळ्याचा, दंतवैद्य एक शब्द उच्चारतात : पोस्ट. म्हणजे दाताच्या मुळातील पोकळीत बसवायची एक बारीक खुंटी. तिच्या आधाराने वरचा भाग उभा करायचा आणि त्यावर कॅप चढवायची. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. पोस्ट धातूची घ्यायची की फायबरची?

दोन्हींच्या दरात फरक असतो, म्हणून अनेक जण दर पाहूनच ठरवतात. पण खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. आपण घास चावतो तेव्हा मुळाच्या आत किती ताण पडतो आणि तो नेमका कुठे पडतो, हे खुंटीच्या पदार्थावरही अवलंबून असते. ताण नको त्या जागी साठला, तर मूळ उभे चिरते. उभे चिरलेले मूळ बहुतेक वेळा काढावेच लागते. म्हणजे रूट कॅनल, पोस्ट आणि कॅप या तिन्हींचा खर्च पाण्यात.

ही खुंटी आजची नाही. ती कशी बसवायची हे जवळपास ३०० वर्षांपूर्वी सविस्तर लिहून ठेवले फ्रान्सच्या पिअर फोशार यांनी. आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणून जगभर त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर पोस्टमागचे शास्त्रही सोपे होते.

जहाजावरचा १५ वर्षांचा मुलगा

फोशार यांचा जन्म १६७८ च्या सुमारास फ्रान्सच्या पश्चिम भागात झाला. घराण्यात वैद्यकाची मोठी परंपरा नव्हती. वयाच्या १५ व्या वर्षी ते फ्रान्सच्या राजाच्या नौदलात दाखल झाले. तिथे अलेक्झांडर पोतलरे नावाच्या मुख्य शल्यवैद्याच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. पोतलरे यांचा तोंडाच्या आणि दातांच्या विकारांचा अभ्यास होता. फोशार यांना या विषयाची गोडी लागली ती त्यांच्यामुळे.

जहाज ही त्या काळी दातांच्या रोगांची शाळाच होती. महिनोन्‌महिने ताजी फळे नाहीत, भाज्या नाहीत. खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचे, दात हलायला लागायचे आणि धडधाकट माणसाचे दात गळून पडायचे. यामागे 'क' जीवनसत्त्वाची कमतरता असते, हे कळायला पुढची २०० हून अधिक वर्षे जायची होती. पण दात हा जबड्यात ठोकलेला निर्जीव खिळा नाही, त्याचे हिरडीशी, हाडाशी आणि खाण्याशी नाते आहे, ही गोष्ट या मुलाने समुद्रावरच पाहिली.

नौदल सोडल्यावर ते आंजे या शहरात स्थायिक झाले. पुढची जवळपास २० वर्षे त्यांनी तिथे दातांवर उपचार केले.

तेव्हा दात कोण काढायचे?

त्या काळी दात काढणे हे न्हाव्याचे, लोहाराचे किंवा जत्रेतल्या गारुड्याचे काम समजले जाई. पॅरिसच्या पाँ नफ या पुलावर ग्रां तोमा नावाचा दात उपटणारा प्रसिद्ध होता. अवाढव्य देह, भडक कपडे, आजूबाजूला वाजंत्री. गर्दी जमायची, दात निघायचा, किंकाळी वाद्यांच्या आवाजात बुडून जायची.

श्रीमंतांची अवस्थाही फार वेगळी नव्हती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे वरचे दात १६८५ मध्ये काढताना जबड्याच्या हाडाचा तुकडा निघाला आणि टाळूला भोक पडले. प्यालेले पाणी नाकातून बाहेर येऊ लागले. ते भोक बंद करण्यासाठी तापलेल्या सळईने डाग द्यावे लागले. राजाची ही गत, तर प्रजेची काय असेल?

याच राजाच्या कारकिर्दीत, १६९९ मध्ये, पॅरिसमध्ये दातांच्या तज्ज्ञांसाठी परीक्षा आणि परवान्याची सोय झाली. म्हणजे दातांचे काम हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले. पण तो व्यवसाय शिकायचा कुठून? पुस्तके जवळपास नव्हती. ज्याला एखादी युक्ती सापडे, तो ती मुलाला किंवा एखाद्या चेल्याला देई आणि बाकीच्यांपासून लपवून ठेवी.

पॅरिसमध्ये काय घडले?

१७१९ च्या सुमारास फोशार पॅरिसला आले. तोवर त्यांचे नाव झाले होते. ग्रंथालयांत दातांवर धड एकही पुस्तक नाही, हे पाहून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. १७२३ पर्यंत हस्तलिखित तयार झाले. पण ते लगेच छापले नाही. त्यांनी ते पॅरिसमधल्या वैद्यांना आणि शल्यवैद्यांना वाचायला दिले, मते मागवली, दुरुस्त्या केल्या. यात पाच वर्षे गेली.

१७२८ मध्ये पुस्तक बाहेर आले. नाव 'ल शिरुर्जियां दांतिस्त', म्हणजे दंतशल्यवैद्य. दोन खंड, सुमारे ८०० पाने आणि अवजारांची, दातांची, कवळ्यांची सुमारे ४० चित्रपाने. महाराष्ट्राच्या इतिहासात १७२८ हे साल पालखेडच्या लढाईचे. पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते हेच वर्ष. तिकडे पॅरिसमध्ये दातांचे एक एक गुपित उघड होत होते.

पुस्तकाचे मोठेपण पानांत नव्हते. प्रत्येक अवजाराचे चित्र, ते कसे धरायचे याची रीत, कोणत्या रुग्णावर काय केले आणि पुढे काय झाले याची नोंद, हे सारे त्यात होते. दुसऱ्या कुणी तसेच करून पाहावे आणि पटले नाही तर खोडून काढावे, अशी ती सोय होती. स्वतःच्या पोटापाण्याचे गुपित छापून वाटणारा माणूस त्या बाजारात विरळाच.

दातात किडा नसतोच

आपल्याकडे आजही दाताला कीड लागली, असेच म्हणतात. कानात नळी लावून किंवा औषधी बियांचा धूर देऊन दातातला किडा काढून दाखवणारे लोक आठवडी बाजारात एकेकाळी हमखास दिसायचे. ही समजूत केवळ आपली नव्हे. जगातल्या बहुतेक जुन्या संस्कृतींत दात किडा पोखरतो असेच मानले जाई.

फोशार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासले. किडा दिसला नाही. त्यांनी तसे लिहून टाकले. दात खराब होण्यात गोड पदार्थांचा हात असतो, असेही त्यांनी सांगितले. जंतू आणि साखर मिळून आम्ल तयार होते, हा उलगडा १९ व्या शतकाच्या अखेरीस झाला. पण बोट योग्य दिशेला आधीच दाखवले गेले होते.

रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके दोन्ही गुडघ्यांत दाबून धरण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. हातांची आणि पाठीची खुर्ची हवी, असा त्यांचा आग्रह होता. दुखऱ्या दातासाठी ते लवंगेचे आणि दालचिनीचे तेल वापरत. लवंगेचे तेल तर आपल्या घरातही असते. पोकळी कोरण्यासाठी घड्याळजी आणि सोनार वापरत तसला कमानीने फिरवायचा गिरमिट त्यांच्या हाती होता. पोकळी भरायला शिसे, कथील आणि सोन्याचा पत्रा. वाकडे दात सरळ करायला धातूची पट्टी आणि दोरा.

या सगळ्यामागे एक सूत्र होते. दात उपटणे हा शेवटचा उपाय. आधी तो वाचवून पाहायचा.

सोन्याची खुंटी कशी बसायची?

दाताचा वरचा भाग तुटला, पण मूळ जबड्यात घट्ट आहे. मग ते मूळ फेकायचे कशाला? फोशार यांनी मुळाचा उपयोग पायासारखा केला. मुळातील पोकळी रुंद करायची. तिच्या मापाची सोन्याची किंवा चांदीची खुंटी तयार करायची. गरम केल्यावर मऊ होणारे डिंकासारखे लुकण वापरून ती मुळात बसवायची. खुंटीच्या वरच्या टोकावर दात. तो माणसाचा असे, नाहीतर पाणघोड्याच्या किंवा वॉलरसच्या दातातून कोरलेला.

त्याआधी बनावट दात शेजारच्या दातांना रेशमाने किंवा दोऱ्याने बांधत. दोरा कुजायचा, दात निसटायचा. खुंटीवर बसवलेले दात मात्र १५ ते २० वर्षे जागचे हलत नाहीत, अशी नोंद फोशार यांनी केली आहे.

हे काम त्यांनी काय नसताना केले, तेही पाहायला हवे. भूल नव्हती. ईथरची भूल जाहीरपणे वापरली गेली १८४६ मध्ये. एक्स-रे नव्हता. त्याचा शोध लागला १८९५ मध्ये. मुळाची लांबी किती, वाक किती, भिंत किती जाड, हे सारे हाताच्या अंदाजाने. जंतूंमुळे रोग होतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

मग लाकडाने घोटाळा कसा केला?

फोशार यांच्यानंतर खुंटीचा वापर वाढला. १९ व्या शतकात तर लाकडी खुंटी फार लोकप्रिय झाली. लाकूड स्वस्त, कापायला सोपे, आणि ओले झाले की फुगून घट्ट बसणारे. सिमेंटचीही गरज नाही. दंतवैद्यांना हा फायदाच वाटला.

खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला यातली मेख लगेच कळेल. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, की कुऱ्हाड पाण्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगते आणि दांडा आवळून बसतो. कुऱ्हाडीचे लोखंड हा दाब सहज सोसते. पण लोखंडाऐवजी बाहेर दाताचे मूळ असेल तर?

तोंड कायम ओले. लाकडी खुंटी लाळ शोषायची आणि आडवी फुगायची. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती थंड झाली की चाकाला बाहेरून आवळते. इथे बरोबर उलटे घडायचे. खुंटी मुळाला आतून बाहेर ढकलायची. मुळाची भिंत सगळीकडून खेचली जायची. दाताचा मुख्य पदार्थ म्हणजे डेंटिन. ते दाब चांगला सोसते, पण खेच सोसण्याची त्याची ताकद बरीच कमी. परिणाम एकच, मूळ उभे चिरायचे. ओली पाचर दगड फोडते, त्यातलाच हा प्रकार.

कडकपणाचे गणित काय सांगते?

प्रत्येक पदार्थ भार आल्यावर थोडा वाकतो. किती सहज वाकतो, हे त्याच्या कडकपणावर ठरते. दाताच्या डेंटिनचा कडकपणा १ धरला, तर खुंटीच्या पदार्थांचे आकडे ढोबळमानाने असे येतात :

- लाकूड, तंतूंच्या दिशेने : सुमारे अर्धा
- काचतंतूंची फायबर पोस्ट : सुमारे २
- सोने आणि चांदी : सुमारे ४ ते ५
- टायटॅनियम : सुमारे ६
- स्टेनलेस स्टील आणि झिर्कोनिया : सुमारे ११

नुसते आकडे पाहिले, तर लाकूड दाताला बऱ्यापैकी जवळचे. तरीही मुळे फोडली ती त्यानेच, कारण ते फुगते. म्हणजे कडकपणा हा एकच निकष पुरेसा नाही. पाण्यात पदार्थ कसा वागतो, गंजतो का, सिमेंट त्याला धरते का, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे. पुढे काही हलक्या मिश्रधातूंच्या पोस्ट तोंडात गंजल्या, तेव्हा हाच धडा पुन्हा मिळाला.

आता कडकपणाचा भाग. समोरच्या दातांनी आपण साधारण १० ते २० किलो वजनाइतका जोर लावू शकतो. मागच्या दाढांनी जीव खाऊन चावले, तर हा आकडा ५० ते ७० किलोपर्यंत जातो. रोजच्या जेवणात एवढा जोर लागत नाही, पण फुटाणे, सुपारी किंवा उसाचे कांडे दाढेखाली आले की तो वाढतो. हा भार कॅपवर येतो, तिथून पोस्टवर आणि पोस्टवरून मुळावर.

जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागेत घड लागलेल्या झाडाला बांबूचा टेकू देतात. वारा सुटला की खोड झुकते, पण टेकू तेवढा झुकत नाही. मग जिथे दोघे एकमेकांना टेकतात, तिथेच खोडाला काच पडतो. पोस्टचे तसेच. दात किंचित वाकतो, स्टीलची पोस्ट वाकत नाही. कडक पोस्ट जास्त भार स्वतःकडे ओढून घेते आणि खोलवर, आपल्या खालच्या टोकाशी, मुळाला देते. मुळाची भिंत तिथे पातळ असते. पेच असलेली, स्क्रूसारखी फिरवून बसवायची पोस्ट असेल, तर ती बसवतानाच भिंतीत ताण भरते.

फायबरची पोस्ट दाताबरोबर थोडी वाकते. खोल टोकाशी साठणारा ताण कमी होतो आणि तो हिरडीजवळच्या भागाकडे सरकतो. भार फार झाला, तर बहुधा आधी सिमेंट सुटते किंवा वरचा भराव तुटतो. तेही नुकसानच. पण मूळ शाबूत असेल, तर दुरुस्ती करता येते. मूळच चिरले, तर तो मार्ग बंद होतो.

कार्बनच्या तंतूंची पहिली पोस्ट १९९० च्या सुमारास आली, तीही फ्रान्समध्येच. ती काळी होती, म्हणून समोरच्या दातांत कॅपखालून तिची झाक दिसे. पुढे काचेच्या आणि क्वार्ट्‌झच्या तंतूंची पांढरट पोस्ट आली.

हा ताण डोळ्यांना दिसत नाही. तो मोजण्यासाठी दाताची संगणकात प्रतिकृती करतात, तिचे हजारो छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण आला याचे गणित मांडतात. पूल आणि विमानांसाठी वापरली जाणारी हीच रीत १९७० च्या दशकापासून दातांसाठीही वापरली जाऊ लागली. अशा अभ्यासांचे निष्कर्ष सगळीकडे तंतोतंत जुळत नाहीत, कारण प्रत्येक अभ्यासात दाताचा आकार, भाराची दिशा आणि सिमेंट वेगळे धरलेले असते. म्हणून फायबर नेहमीच चांगली आणि धातू नेहमीच वाईट, असा सरसकट निकाल देता येत नाही. मूळ लंबगोल किंवा फार रुंद असेल, तर साच्यातून खास त्या दातासाठी ओतलेली धातूची पोस्ट आजही वापरतात.

फोशार यांच्या मर्यादा

जनक म्हटले म्हणजे सगळेच बरोबर, असे नाही. दातांच्या विकारावर स्वतःच्या लघवीने चूळ भरावी, हा त्यांचा सल्ला आज कुणी मानणार नाही. एकाचा दात काढून दुसऱ्याच्या जबड्यात बसवण्याचे प्रयोगही त्यांनी नोंदवले आहेत. त्या काळात श्रीमंतांसाठी गरिबांचे दात विकत घेतले जात. आज हे ना वैद्यकात बसते, ना माणुसकीत.

मुळातली पोकळी निर्जंतुक करून बंद करायची, ही कल्पना त्यांच्याकडे असणे शक्यच नव्हते. त्यामुळे त्यांची खुंटी घट्ट बसली, तरी खाली संसर्ग राहण्याचा धोका होता. आज पोस्टच्या खाली रूट कॅनलच्या भरावाचे सुमारे ४ ते ५ मिलिमीटर जसेच्या तसे ठेवतात, ते मुळाचे टोक बंद राहावे म्हणूनच. खुंटीच्या टोकाशी ताण किती साठतो, हे मोजण्याचे साधनही त्यांच्या काळी नव्हते. त्यांनी खुंटी बसवली, वर्षानुवर्षे रुग्ण पाहिला आणि काय झाले ते लिहिले. एवढेच त्यांच्या हातात होते आणि तेवढे त्यांनी चोख केले.

शेवटची वर्षे

पुस्तकाने फोशार यांना पैसा आणि प्रतिष्ठा दिली. १७३३ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर बर्लिनमध्ये निघाले. १७३४ मध्ये त्यांनी पॅरिसजवळ ग्रां-मेनिल नावाची हवेली विकत घेतली. १७४६ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. हिरड्यांतून पू येऊन दात हलवणाऱ्या रोगाचे वर्णन तिच्यात आहे. त्या रोगाला पुढे बराच काळ फोशार यांचेच नाव होते. मुलाने मात्र वेगळी वाट धरली. तो ग्रां-मेनिल या नावाने पॅरिसच्या रंगभूमीवर नामवंत विनोदी नट झाला.

मार्च १७६१ मध्ये फोशार यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पानिपतच्या तिसऱ्या लढाईला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. तिसरी आवृत्ती त्यांच्या मागे, १७८६ मध्ये निघाली. इंग्रजी भाषांतराला मात्र २०० हून अधिक वर्षे लागली. ते १९४६ मध्ये लिलियन लिंडसे यांनी केले. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

भारतात दातांच्या शिक्षणाची संस्था उभी राहिली ती १९२० मध्ये, कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्या प्रयत्नांनी. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. परवान्याशिवाय दातांचा व्यवसाय करता येणार नाही, हा दंतवैद्यक कायदा देशात १९४८ मध्ये आला. फ्रान्सच्या १६९९ च्या परवान्यानंतर जवळपास अडीचशे वर्षांनी. आज धुळ्यात ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे. त्यामुळे खान्देशातल्या रुग्णाला दाताच्या प्रत्येक अवघड कामासाठी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही.

पोस्टचा निर्णय घेताना काय विचारावे?

सर्वात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पोस्टमुळे दात मजबूत होत नाही. ती फक्त वरचा भराव धरून ठेवते. उलट तिच्यासाठी मूळ जास्त कोरले, तर दात कमकुवत होतो. म्हणून दंतवैद्यांना हे प्रश्न जरूर विचारा :

१. पोस्ट खरोखर लागणार आहे का? दाताच्या भिंती पुरेशा शिल्लक असतील, विशेषतः दाढेत, तर अनेकदा पोस्टशिवाय काम होते.

२. हिरडीच्या वर मूळचा दात किती उरला आहे? कॅपच्या कडेने चारही बाजूंनी साधारण २ मिलिमीटर खरा दात कवेत घ्यायला हवा. सुताराच्या पटाशीच्या मुठीला लोखंडी कडी असते. वरून ठोकले तरी मूठ त्यामुळे फुटत नाही. कॅपची कड दातासाठी तेच काम करते. दात टिकण्यात पोस्टच्या पदार्थापेक्षा या पट्टीचा वाटा मोठा असतो, असे अनेक अभ्यास सांगतात.

३. पोस्ट बिघडली, तर काय बिघडेल? सिमेंट सुटेल की मूळ चिरेल? पुढे गरज पडली, तर ती काढता येईल का? झिर्कोनियाची पोस्ट काढणे फार अवघड असते.

४. मूळ किती कोरावे लागेल? जाड पोस्ट म्हणजे मजबूत पोस्ट, पण त्याबरोबर पातळ भिंतीचे मूळही.

५. कॅप कधी बसेल? पोस्ट बसवून महिनोन्‌महिने कॅप टाळली, तर सगळा भार उघड्या भरावावर येतो आणि कडेने लाळ व जंतू आत शिरतात.

यापैकी दोन प्रश्नांचे उत्तर एक्स-रेशिवाय मिळत नाही, त्यामुळे तो काढायला कंटाळू नका. चावताना एकाच जागी कळ येत असेल किंवा पोस्टच्या दाताजवळ हिरडीवर पुन्हा पुन्हा पुळी येत असेल, तर मूळ चिरल्याची शक्यता असते. लवंगेच्या तेलाने दुखणे तात्पुरते थांबते, चीर भरून येत नाही. लवकर दाखवलेले बरे.

सोने, चांदी, लाकूड, स्टील आणि आता काचेचे तंतू. ३०० वर्षांत खुंटीचा पदार्थ पुन्हा पुन्हा बदलला. वाचवायचे आहे ते मूळ, हे फोशार यांचे सूत्र मात्र बदललेले नाही. खुंटी मोडली तर दुसरी बसवता येते, दुसरे मूळ उगवत नाही.